ओव्हरक्लॉकसाठी प्रोसेसर-बोर्डाची जोडी: के आणि झेड, की एक्स३डी आणि बी६५०?

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. गेमिंगचा नवा पीसी जुळवायचा आहे. ग्राफिक्स कार्ड (आरटीएक्स ४०७० सुपर), कॅबिनेट आणि ७५० वॅटचा गोल्ड पीएसयू (वीजपुरवठ्याचा डबा) हाताशी आहे. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झ. घ्यायचंय ते प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि कूलर.

ओव्हरक्लॉक (चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) करायचंच आहे, त्यामुळे "कशाला त्या भानगडीत पडता" हा सल्ला कृपया नको. बजेटचा आकडा मुद्दाम देत नाही, कारण रॅमचे भाव रोज वेगळे. एवढंच सांगतो की तगडा प्रोसेसर आणि बेताचा बोर्ड, किंवा बेताचा प्रोसेसर आणि तगडा बोर्ड, यातलं एकच परवडेल.

खेळ: काउंटर-स्ट्राइक २, फ्लाइट सिम्युलेटर, अधूनमधून मोठे ओपन-वर्ल्ड. गाव नागपूर. खोलीत एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. मे महिन्यात दुपारी खोली ३८-४० अंशांवर जाते, हे धरून सांगा.

शंकासूर
४० अंश खोलीत ओव्हरक्लॉक? प्रोसेसर नको, पापड वाळवा. :)

खटपट्या
आधी कुठे काय उघडतं ते बघू, म्हणजे दुकानदार गंडवणार नाही.

इंटेलमध्ये मल्टिप्लायर (कोरचा वेग ठरवणारा गुणक) फक्त नावात के असलेल्या चिपचा सुटतो, तोही झेड चिपसेटवरच (बोर्डावरची नियंत्रक चिप): झेड६९०, झेड७९०, आणि कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी झेड८९०. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, कोरचा मल्टिप्लायर नाही. तेव्हा १४६००के घेऊन बी७६० वर बसवणं म्हणजे के चे जादा पैसे पाण्यात.

एएमडीत एएम५ सॉकेटचे बहुतेक रायझन खुले आहेत. बोर्ड बी६५०, बी८५०, एक्स६७० किंवा एक्स८७० हवा. ए६२० आणि बी८४० वर कोरचं ओव्हरक्लॉकिंग बंद आहे. बी८४० ला फसू नका, नाव बी८५० च्या शेजारचं असलं तरी काम ए६२० च्या पंगतीतलं.

एक्स३डी मध्येही (जादा कॅश, म्हणजे चिपमधली झटपट मेमरी, असलेले रायझन) भेद आहे. ७८००एक्स३डी मध्ये जादा कॅशची चकती कोरच्या डोक्यावर बसवली होती. उष्णता तिच्यातून वर यायची, म्हणून मल्टिप्लायर बंद, तापमानाची हद्द ८९ अंश. ९८००एक्स३डी मध्ये (नोव्हेंबर २०२४) कॅश कोरच्या खाली गेली, कोर थेट हीट स्प्रेडरला भिडले आणि चिप पूर्ण खुली झाली. हद्द ९५ अंश.

तुमच्या दोन्ही मुख्य खेळांना एल३ कॅश आवडते. ९८००एक्स३डी ला ती ९६ एमबी आहे, ९७००एक्स ला ३२, १४६००के ला २४. ही दरी घड्याळ वाढवून भरून निघत नाही. माझं मत: पैसा प्रोसेसरमध्ये, बोर्ड बेताचा.

निळा_गट
खटपट्या, माहिती बरोबर, निष्कर्ष घाईचा. धागाकर्त्याने "सर्वात वेगवान गेमिंग चिप कोणती" असं विचारलेलं नाही, ओव्हरक्लॉकसाठी जोडी विचारली आहे. ९८००एक्स३डी मध्ये तुम्ही ओव्हरक्लॉक करणार काय? ५.२ चे ५.४. झालं.

झेड८९० वर २६५के घ्या. पी-कोर, ई-कोर, रिंग, एनजीयू, डाय-टू-डाय (या तिन्ही चिपच्या आतल्या जोडवाटा), मेमरी, सगळ्याला वेगवेगळी चावी आहे. एनजीयू मुळात २.६ गिगाहर्ट्झ आणि डाय-टू-डाय २.१ असतं. इंटेलने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या २००एस बूस्टने दोन्ही ३.२ वर जातात, रॅम ८००० पर्यंत, आणि हे वॉरंटीत बसतं. एएमडीच्या अटींत पीबीओ (कोरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) काय, एक्सपो (रॅमला तिचा जाहीर वेग लावणारी सोय) काय, दोन्ही ओव्हरक्लॉकिंग म्हणूनच गणले जातात. हे कुणी सांगत नाही.

खटपट्या
चाव्या जास्त म्हणजे कुलूप चांगलं असं नाही ना, निळेभाऊ. :) २६५के ची कोर ते मेमरी कंट्रोलर वाट दुसऱ्या टाइलवरून (चिपच्या तुकड्यावरून) जाते, तिथली दिरंगाई कमी करायलाच या चाव्या दिल्यात. त्या फिरवून जे मिळतं ते खेळात दिसतं, मान्य. पण फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ९८००एक्स३डी जिथून सुरुवात करतो तिथपर्यंत सगळ्या चाव्या फिरवूनही पोचत नाही.

वॉरंटीचा मुद्दा मात्र रास्त.

पुणेरी_पंखा
दोघेही एक गोष्ट विसरताय. १४४०पी वर ४०७० सुपर. मोठ्या ओपन-वर्ल्ड खेळात बहुतेक वेळ कार्डच अडणार. १४६००के ५.३ वरून ५.६ वर नेला तर घड्याळ साडेपाच टक्क्यांनी वाढलं, फ्रेम मात्र शून्य ते दोन टक्के.

कोण अडतंय हे बघायचं तर फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक काढा आणि कार्डाचा वापर बघा. ९७-९९ टक्के असेल तर प्रोसेसर बदलून काही होणार नाही. मग तीच जागा, तीच सेव्ह फाइल, रिझोल्यूशन ७२०पी करा. जो आकडा दिसेल ती प्रोसेसरची कमाल. ती १६५ च्या बरीच वर असेल तर त्या खेळासाठी ओव्हरक्लॉक ही निव्वळ हौस. सरासरी बघू नका, १ टक्का लो (सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) बघा. झटके तिथे दिसतात.

संत्रानगरी
हौस आहेच, नाकारत नाही. पण काउंटर-स्ट्राइक मी १२८०x९६० ला खेळतो, तिथे प्रोसेसरच अडतो. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिप मरतात असं ऐकलं, ते खरं का? १४६००के स्वस्तात मिळतोय.

व्होल्टेश्वर
मरतात हा शब्द जड आहे, पण दुखणं खरं होतं. कोरमधल्या क्लॉक ट्रीच्या (घड्याळाचे ठोके पोचवणाऱ्या) सर्किटला जास्त व्होल्टेज आणि तापमान सोसत नव्हतं. ते झिजलं की चिपला त्याच घड्याळासाठी आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागायचं. इंटेलचा शब्द "व्हीमिन शिफ्ट". लक्षण ठरलेलं: खेळ शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल करताना कोसळतो आणि चूक दाखवतो व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याची. माणूस ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतो.

उपाय मायक्रोकोडमधून (चिपच्या आतल्या सूचनांच्या सुधारणांतून) आले. ऑगस्ट २०२४ मधल्या ०x१२९ ने व्होल्टेजची मागणी १.५५ ला रोखली, त्यानंतरच्या ०x१२बी मध्ये आधीचे सगळे उपाय एकत्र आले, २०२५ मध्ये ०x१२एफ. बॉक्समधल्या बाधित चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही. म्हणून वापरलेला १३वी-१४वी पिढीचा के प्रोसेसर, तोही आय७ किंवा आय९, स्वस्त दिसला म्हणून उचलू नका. नवा १४६००के घेतलात तर विंडोज टाकण्याआधी नवं बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) चढवा.

आणि हा सॉकेट संपला. एलजीए१७०० वर पुढे काही नाही. एएम५ बद्दल एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही असं म्हटलंय.

निळा_गट
१४६००के बद्दल सहमत, नवा असेल तरच आणि बायोस चढवूनच. २६५के ला हे दुखणं नाही, नोंद घ्यावी.

लॅमिंग्टन_वारी
खरेदीची बाजू. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन "ट्रे" (खोक्याविना सुटा) प्रोसेसर हजार-दोन हजार कमी सांगतात. ट्रेला उत्पादकाची किरकोळ ग्राहकासाठीची वॉरंटी नसते, दुकानदार देईल तीच. ओव्हरक्लॉकिंगसाठी बॉक्सच घ्या, खोक्यावरचा आणि चिपवरचा सीरियल काउंटरवरच जुळवा, जीएसटीचं बिल घ्या.

बोर्डाचं खोकं तिथेच उघडा आणि सॉकेटच्या पिना तिरप्या उजेडात बघा. एएम५ ला १७१८ पिना बोर्डावर आहेत, प्रोसेसरवर नाहीत. सगळ्या एका रांगेत चमकल्या पाहिजेत. एखादीची चमक वेगळी दिसली की बोर्ड परत. घरी गेल्यावर वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, "ग्राहकाने केलेलं नुकसान" होतं. प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, ते नसेल तर बोर्ड दुरुस्तीला घेताना खळखळ करतात.

शंकासूर
बोर्ड बेताचा म्हणजे किती बेताचा? दुकानदार म्हणतो १६ फेजचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या वाटांचा) घ्या, ८ फेजवाला जळतो.

व्होल्टेश्वर
दुकानदाराला भागाकार करायला लावा.

९८००एक्स३डी ची पीपीटी (विजेची कमाल मर्यादा) १६२ वॅट. सगळे कोर राबत असताना व्होल्टेज साधारण १.२ धरा. १६२ भागिले १.२ म्हणजे १३५ अँपिअर. आठ फेज, प्रत्येकी ६० अँपिअरचे ड्रमॉस (फेजमधली वीज सोडणारी चिप) म्हणजे कागदावर ४८० अँपिअर. प्रत्येक फेजवर १७ अँपिअर आले. ड्रमॉस साधारण याच पट्ट्यात, कमाल क्षमतेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर, सर्वात कार्यक्षम चालतो. गेममध्ये तर ही चिप १०० वॅटच्या आतच असते.

आता १४९००के: २५३ वॅट, मर्यादा काढली की ३०० च्या पुढे. १.३ व्होल्टला ३०० वॅट म्हणजे २३० अँपिअर. इथे आठ स्वस्त फेज आणि वर बोटभर हीटसिंक असेल तर व्हीआरएम (या सगळ्या फेजचं सर्किट) तापतो, बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचं घड्याळ पाडतो, आणि तुम्ही म्हणता कूलर खराब.

खोक्यावर "१४+२+१" लिहिलेलं असतं, त्यात पहिला आकडा कोरचा, दुसरा एसओसीचा (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या बाकी भागांचा), तिसरा इतर कामाचा. आणि १४ म्हणजे १४ स्वतंत्र फेज असतीलच असं नाही, बहुतेकदा सात सिग्नल, प्रत्येकावर दोन ड्रमॉस. त्यात वाईट काही नाही. मोजायचं ते ड्रमॉसचं अँपिअर, त्यावरच्या हीटसिंकचं वजन, आणि हीटसिंक दोन्ही बाजूंना आहे का. डाव्या बाजूला धातू आणि वरच्या बाजूच्या फेज उघड्या, असा बोर्ड नागपूरला नको.

कोकणी_कॅश
मान्य, पण एसी नसलेल्या खोलीत हवेच्या कूलरला एक फायदा आहे. टॉवर कूलरचा पंखा सॉकेटच्या आजूबाजूला वारा टाकतो, व्हीआरएमला फुकट गारवा. पाण्याचा एआयओ लावला की तो वारा जातो. एआयओ असेल तर कॅबिनेटच्या वरच्या-मागच्या पंख्याला सुट्टी देऊ नका.

संत्रानगरी
व्होल्टेश्वर, हिशोब समजला. मग ठोस नावं सांगाल? आणि उन्हाळ्याचं काय?

खटपट्या
नावं: एमएसआय बी६५० टॉमाहॉक वायफाय, १४+२+१, ८० अँपिअर. ९८००एक्स३डी ला गरजेपेक्षा जास्त आहे, पण हीटसिंक दणकट. त्याचाच नवा भाऊ बी८५० टॉमाहॉक मॅक्स. खाली उतरायचं तर एएसरॉक बी६५०एम-एचडीव्ही/एम.२: ८+२+१, दिसायला कळकट, रॅमचे दोनच स्लॉट. पण दोनच स्लॉट हा रॅम ताणायला गुण आहे, सिग्नलची वाट आखूड आणि रिकाम्या स्लॉटचं शेपूट नाही.

एक्स८७० ला पैसे टाकू नका. त्यात यूएसबी४ सक्तीचं आहे आणि बऱ्याच बोर्डांवर ते दुसऱ्या एम.२ (एसएसडी बसवायच्या) स्लॉटच्या लेन खातं. कार्डाला पीसीआयई ५.० ची गरज नाही, ४०७० सुपर स्वतः ४.० आहे.

उन्हाळ्याचं गणित सरळ आहे. पंखे आणि वॅट तेच असतील तर खोली जितके अंश तापली, चिप जवळपास तितकेच अंश वर जाते. २५ अंश खोलीत ७८ दिसत असेल तर ४० ला ९३. ९५ ची हद्द म्हणजे चिप जळेल असं नाही, ती स्वतःच घड्याळ उतरवते. त्यामुळे परदेशी चाचण्यांतले तापमानाचे आकडे वाचताना खोलीचं तापमान बघा, ते बहुधा २१-२४ असतं. मे मध्ये पीबीओतली थर्मल लिमिट ८५ वर ठेवा. खेळात फरक नगण्य, पंखा ओरडत नाही.

पुणेरी_पंखा
डेझर्ट कूलरबद्दल लोक विचारतात की दमट हवेने बोर्डावर दव पडेल का. नाही. दव खोलीपेक्षा गार वस्तूवर पडतं, चालू पीसीतलं सगळंच खोलीपेक्षा गरम असतं. खरी अडचण तुषारांची. खस किंवा हनीकोंबमधून सूक्ष्म थेंब उडतात, त्यात बोअरचं जड पाणी असेल तर क्षार. पांढरी पूड रेडिएटरच्या आणि पीएसयूच्या जाळीवर बसते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटच्या तोंडावर नको, कोनात किमान पाच-सहा फूट लांब ठेवा आणि पुढची जाळी पंधरवड्याला धुऊन वाळवा.

कोकणी_कॅश
आमच्याकडे रत्नागिरीला उलट. खारी हवा. रॅमचे सोनेरी पाय आणि पीएसयूचे कनेक्टर मळतात. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नये, रोज तासभर चालवावा, आतली आर्द्रता हटते.

शंकासूर
म्हणजे कोकणात गेम खेळणं ही देखभाल झाली. घरी दाखवायला हा प्रतिसाद छापून घेतो.

म्यूनिकचा_मन्या
वाचतोय, धागा मस्त. धागाकर्त्याला प्रत्यक्ष काय आणि कोणत्या क्रमाने करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितो. एएम५ धरून.

पहिली पायरी बायोस. बी६५० जुन्या साठ्यातला असेल तर ९००० मालिका ओळखणार नाही, स्क्रीन काळी. घाबरू नका. पेनड्राइव्ह एफएटी३२, बायोसची फाइल कंपनीने सांगितलेल्या नावाने, मागच्या खूण केलेल्या यूएसबीत, २४ पिन आणि ८ पिन वायरी जोडून फ्लॅश बटण दाबा. प्रोसेसर नसला तरी चालतं. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत हात लावू नका. (एचडीव्ही/एम.२ घेणार असाल तर हे बटण आहे का ते आधी बघा, नसेल तर दुकानदाराकडून बायोस चढवून घ्या.)

दुसरी, पहिला बूट. डीडीआर५ चं ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) होतं, काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. पाच मिनिटांत बटण दाबून बंद करू नका, परत पहिल्यापासून सुरू होतं. रॅम सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, चार स्लॉट असतील तर. दोनच काड्या घ्या, २x१६ किंवा २x३२. चार काड्यांना एएम५ चा अधिकृत वेग ३६०० वर घसरतो.

तिसरी, फक्त एक्सपो. ६००० (वेग) सीएल३० (दिरंगाई) चा हायनिक्सचा संच. यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचं घड्याळ) आणि एमसीएलके (रॅमचं घड्याळ) समान, म्हणजे १:१, आहेत ना बघा. एफसीएलके (चिपच्या आतल्या जोडवाटेचं घड्याळ) २००० ला ठेवा, पुढे २१३३ करून बघता येईल. एसओसी व्होल्टेज बोर्डाने स्वतः किती चढवलंय ते बघा. १.२ ते १.२५ मध्ये भागतं. १.३ ही एएमडीने २०२३ मध्ये घालून दिलेली कमाल आहे, ७८००एक्स३डी सॉकेटसकट करपल्यानंतर. बोर्डाच्या "ऑटो"वर भरवसा नको. मग रॅमची चाचणी रात्रभर. इथे एकही चूक चालत नाही, एक म्हणजे नापास.

चौथी, आता कोर. पीबीओ अॅडव्हान्स्ड, बूस्ट ओव्हरराइड +२०० मेगाहर्ट्झ, कर्व्ह ऑप्टिमायझर (त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणारं सेटिंग) सगळ्या कोरना उणे १०. जमलं तर उणे २०. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट.

निळा_गट
आणि सगळे उणे ३० टाकून सिनेबेंच (वेगाची चाचणी) पास झाला की "स्थिर आहे" म्हणून फोटो टाकतात.

म्यूनिकचा_मन्या
तेच तर. सिनेबेंचमध्ये सगळे कोर राबतात तेव्हा घड्याळ थोडं खाली असतं. उणे व्होल्टेज बोचतं ते उलट प्रसंगी, एकच कोर ५.४ ला उसळतो तेव्हा. म्हणून पीसी चाचणीत टिकतो आणि ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतो. कोअरसायकलर हे फुकटचं साधन एकेका कोरला पाळीपाळीने राबवतं, रात्रभर लावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरचा आयडी १८ दिसला तर त्यात एपीआयसी आयडी असतो. आठ कोरच्या चिपवर त्याला दोनने भागा, पूर्णांक तो कोरचा क्रमांक, शून्यापासून. ९ आला तर कोर ४. फक्त त्या कोरला पाच पायऱ्या मागे आणा, बाकी तसेच ठेवा.

दुसरी फसगत क्लॉक स्ट्रेचिंगची. पडद्यावर ५४०० दिसतं, एचडब्ल्यूइन्फोमध्ये "इफेक्टिव्ह क्लॉक" ५२५०. पूर्ण भारात या दोघांत पन्नासेक मेगाहर्ट्झपेक्षा जास्त अंतर असेल तर व्होल्टेज कमी पडतंय आणि चिप गुपचूप ठोके लांबवतेय. आकडा मोठा, फ्रेम कमी.

निळा_गट
इंटेलवर याचंच भावंड सीईपी (व्होल्टेज कमी पडलं की वेग रोखणारी सुरक्षा). एसी लोडलाइन (चिप किती व्होल्टेज मागेल ते ठरवणारं सेटिंग) उतरवून अंडरव्होल्ट केलं की तापमान पडतं, लोक खूश, पण सीईपी चालू असेल तर चाचणीतले गुणही पडतात. १४६००के वर झेड बोर्ड घेण्याचं एक कारण हेच, तिथे सीईपी बंद करण्याची सोय सहसा असते.

एलएलसी बद्दलही लिहून टाकतो, कारण नेटवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून लोक गोत्यात येतात. भार आला की व्होल्टेज पडतं, ते किती सावरायचं हे एलएलसी ठरवतं. असुसवर ८ म्हणजे सर्वात आक्रमक. एमएसआयवर १ सर्वात आक्रमक, ८ सर्वात सैल. एएसरॉकवरही १ आक्रमक. गिगाबाइटवर आकडे नाहीत, लो, मिडियम, टर्बो, एक्स्ट्रीम अशी नावं. असुसवाल्याने लिहिलेलं "एलएलसी ३" एमएसआयवर घातलं तर भलतंच होईल. आणि सर्वात आक्रमक कधीच नको: भार सुटण्याच्या क्षणी व्होल्टेज वर उसळतं, ती उसळी सॉफ्टवेअरच्या सेन्सरला दिसत नाही, ऑसिलोस्कोपलाच दिसते. मधली पातळी.

खटपट्या
निळेभाऊ, हा प्रतिसाद सोन्याचा. वाचनखूण साठवली.

शंकासूर
दिवे गेले तर? आमच्याकडे मे महिन्यात रोज.

लॅमिंग्टन_वारी
यूपीएस हवाच, निदान बायोस चढवताना. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा. ४०७० सुपर २२० वॅट, प्रोसेसर खेळात ८०, बाकी ६०, झाले ३६०. म्हणजे काठावर, वर पीएसयूचा अपव्यय आणि मॉनिटर. १००० व्हीए, ६०० वॅट घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर त्याचं बटण "यूपीएस मोड"वर हवं. पीएसयू फक्त १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो आणि पीसी बंद पडतो. ओव्हरक्लॉक अस्थिर आहे असं वाटून लोक कर्व्हशी झगडत बसतात.

अर्थिंगही तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन, मग बायोस.

पुणेरी_पंखा
धागा यूपीएसवर गेला, आता बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती घालावं इथपर्यंत जाणार. परत मुद्द्यावर: संत्रानगरी, रॅमच्या बारीक टायमिंगमध्ये पडणार असाल तर एक लक्षात ठेवा. टीआरईएफआय ६५५३५ करायला सगळे सांगतात. त्याचा अर्थ रॅमचे सेल कमी वेळा ताजे करायचे. रॅम तापली की सेलमधला भार लवकर गळतो. डीडीआर५ काडी ५५-६० अंशांच्या वर गेली की याच सेटिंगवर चुका सुरू होतात. जानेवारीत पास झालेली रॅम मे मध्ये नापास होईल ती अशी. ४० हजारांच्या आसपास थांबा, आणि चाचणी ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना घ्या, कारण त्याची गरम हवा थेट काड्यांवर येते.

व्होल्टेश्वर
+१. आणि एक्स३डी घेतलात तर टायमिंगच्या मागे फार लागू नका. मोठी कॅश असल्यावर रॅमकडे धाव कमी, त्यामुळे फायदाही कमी. हाच घाम ९७००एक्स किंवा २६५के वर गाळला तर जास्त फळ देतो. निळ्या गटाचं म्हणणं इथे खरं आहे: फिरवण्याची मजा हवी तर कॅश नसलेली चिप, फ्रेम हव्या तर कॅशवाली.

संत्रानगरी
सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: ९८००एक्स३डी बॉक्स, बी६५० टॉमाहॉक, २x१६ ६००० सीएल३०, दोन टॉवरचा हवेचा कूलर (थर्मलराइट फँटम स्पिरिट १२०). यूपीएस १००० व्हीए. दोन प्रश्न उरले. बोर्डाला ८ पिनचे दोन सॉकेट आहेत, माझ्या पीएसयूला ८ पिनची एकच वायर. आणि ७८००एक्स३डी वापरलेला स्वस्तात मिळाला तर?

खटपट्या
एक ८ पिन पुरेशी. चार १२ व्होल्टच्या तारा, प्रत्येकी ७ अँपिअर जरी धरले तरी ३३६ वॅट. तुमची चिप १६२ ची. दुसरं सॉकेट रिकामं राहू द्या. मात्र ग्राफिक्स कार्डाची ८ पिन वायर तिथे खुपसायचा प्रयत्न करू नका, खाचा वेगळ्या असतात आणि ध्रुव उलटे.

७८००एक्स३डी ला कर्व्ह उणे करता येतो, +२०० मिळत नाही. बाह्य क्लॉक जनरेटर असलेल्या महागड्या बोर्डावर बीसीएलके (मल्टिप्लायरने गुणलं जाणारं मूळ घड्याळ) वेगळा वाढवून वर नेता येतो, पण मग वाचवलेले पैसे बोर्डात गेले. वापरलेला घ्यायचाच तर खालची बाजू बघा: संपर्काच्या सोनेरी चौकटीत मधोमध काळपट डाग किंवा फुगवटा दिसला तर हात जोडून परत या. नवाच परवडत असेल तर ९८००.

कूलर बसवताना रॅमची उंची बघा, पुढचा पंखा रॅमवर येतो. पंखा वर सरकवला तर कॅबिनेटचं दार लागतंय ना मोजा. हीट स्प्रेडरला कडेने खाचा आहेत, पेस्ट त्यात जाऊ नये म्हणून मधोमध वाटाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे ठिपके.

निळा_गट
अभिनंदन, लाल (एएमडीच्या) गटात गेलात. पहिल्या बूटला पडदा काळा राहिला की इथेच या, आम्ही हसू आणि मग मदत करू.

शंकासूर
वायरमनचा नंबर कुणाकडे आहे का? कॅबिनेटला हात लावून बघितला.